खारूभाऊंचा जिना

मित्रांनो, मी एक जुना माड आहे. शिवणवाल्या ताईंच्या घरामागे उभा आहे. वर बघू नका, उगाच मान दुखेल. माझा शेंडा गेला. इतर झाडांसारखी बाजूला फांदी फुटायची सोय आम्हा माडांत नाही. एकच शेंडा असतो, तो गेला की संपलं.

मला खारूभाऊंनी लावलं. ते नारळ काढणारे. खारीसारखे सरसर चढत म्हणून हे नाव. खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवत नसे. एका चांगल्या माडाचा पिकलेला नारळ त्यांनी निवडला, वाळूत आडवा रुजत घातला, आणि कोंब वर आल्यावर खोल खड्डा खणून मला लावलं. ताई तेव्हा फ्रॉकमध्ये होत्या. समुद्र जवळ, जमीन भुसभुशीत, वारा खारा. मला आणखी काय हवं होतं? सातव्या वर्षी मी नारळ धरला.

मग खारूभाऊ दर दोन महिन्यांनी येऊ लागले. पायात दोरीचं कडं अडकवायचे आणि बघता बघता माझ्या शेंड्यात पोचायचे. माझे नारळ स्वयंपाकात जात, झावळ्या पडवीवर, हिरांचे झाडू होत. ताईंच्या शिलाई मशीनशेजारी बटणं असतात ना, ती माझ्याच करवंटीत. काम झालं की भाऊ माझ्या बुंध्याशी बसत, ताई खिडकीतून चहा देत आणि मशीन चालवता चालवता गप्पा मारत. भाऊंची बायको गेल्यावर तो चहा फार लांबायला लागला. घरी जायची घाई कुणाला होती?

पुढे भाऊंचे गुडघे गेले. एकदा ते अर्ध्यावरून परत उतरले. ताई म्हणाल्या, “भाऊ, आता चढू नका. दुसऱ्या कुणाला तरी बोलावते.”

 भाऊ त्या दिवशी चहा अर्धाच प्यायले. पुढच्या खेपेला धारदार कोयता घेऊन आले आणि माझ्या अंगावर खालपासून वरपर्यंत खाचा पाडल्या. घामाघूम होऊन म्हणाले, “जिना केलाय ताई, जिना. आता शंभरीपर्यंत मीच चढणार.”

दुखलं. खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं, जाऊ दे, माणूस येतोय ना. मलाही त्यांची सवय झाली होती.

मित्रांनो, आमची जखम कधी भरून येत नाही. खाच पडली की जन्माची. त्या ओल्या खाचांच्या वासानं सोंड्या भुंगा आला, आत अंडी घालून गेला. अळ्यांनी मला आतून पोखरायला घेतलं. बाहेरून मी मात्र हिरवागार. एका दुपारी भाऊंना खाचेतून तपकिरी चिकट पाणी ओघळताना दिसलं. त्यांनी कान माझ्या खोडाला लावला. आत कुरतडल्याचा आवाज येत होता.  त्याच खाचांत पाय रोवत, कण्हत, ते औषध घेऊन वर चढले. उशीर झाला होता. महिन्याभरात माझा कोवळा कोंब वाळला, आणि एका वाऱ्यात शेंडा खाली आला.

काल भाऊ आले. दोरी नाही, कोयता नाही. पहिल्या खाचेवर हात ठेवून उभे राहिले. ताईंनी मशीन थांबवलं.

“मीच मारला याला,” भाऊ म्हणाले. “चढायचं बंद झालं असतं, तर इथं कुठल्या तोंडानं आलो असतो?”

 ताई म्हणाल्या, “अहो भाऊ, मी चढू नका म्हटलं होतं. येऊ नका कधी म्हटलं? नुसते आला असतात तरी चहा केलाच असता.”

भाऊ मटकन खाली बसले, नेहमीच्याच जागी. ताईंनी आणलेला चहा कपात तसाच निवला.

उद्या करवतवाले येतील. माझा शेवटचा नारळ ताईंनी वाळूत रुजत घातला आहे. त्यातून वाढेल त्या माडावर चढणाऱ्यांनी दोरीनंच चढावं, खाचा पाडू नयेत, एवढं माझं मागणं आहे. आणि ज्याचे गुडघे गेलेत अशा माणसाला काम थांबवायला सांगाल, तेव्हा त्याच दमात सांगा, “पण तुम्ही येत राहा.” मला तेव्हा बोलता आलं असतं, तर कोयता लागायच्या आधीच मी हे भाऊंना सांगितलं असतं.