सातशे तुकड्यांतला एक

पहिली काच फुटली तेव्हा ब्लेडबाईच्या चिमट्यात पानाचा तुकडा होता. दुसरी फुटली तेव्हा रखवालदार कपाळ धरून प्रयोगशाळेत येऊन पडला.

“मागच्या दाराने निघा. पन्नास तरी आहेत. जंतू मारायला आलेत म्हणे.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पोलिसांना आणायला धावल्या. ब्लेडबाई जागची हलली नाही.

बारा वर्षं ती इथे पानं कापत होती. कापलेले तुकडे मातीतल्या एका जंतूच्या पाण्यात बुडवायचे. जखमेतून तो आत शिरतो आणि आपण त्याच्याकडे दिलेला गुण पानाच्या अंगात पेरतो. पेरून झालं की औषध घालून त्यालाच मारायचं. यंदाच्या सातशे तुकड्यांत गुण एकालाच लागला, कोंब एकालाच फुटला. खाऱ्या पाण्यावर जगेल असा. त्या कोंबाची बाटली तिने ॲप्रनच्या खिशात टाकली, तेवढ्यात दार बिजागरीसकट आत आलं.

सगळ्यांत पुढे, हातात लोखंडी गज घेऊन, तिचा धाकटा दीर.

“वहिनी, बाजूला हो. पोरांना रोग देतंय हे.”

“भाऊजी, सकाळी माझ्याच हातचं गिळून आलात. तेव्हा नाही झाला रोग?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यानेच घात केला. गज फिरला, टेबलावरच्या काचेच्या बशा उडाल्या. दुसरा फटका खिशाच्या रोखाने आला आणि तिने उजवा हात आडवा घातला. कडकन आवाज झाला. तिला वाटलं, पुन्हा काचच.

“खिशात काय लपवलंय?”

“ते सोडा. जंतू हवाय ना?” डाव्या हाताने तिने फळीवरचा चंबू पुढे केला. “हा घ्या. सगळा यातच आहे.”

चंबू आपटला. पन्नास जणांनी तो आरोळ्या ठोकत तुडवला. नाहीतरी त्याला मारायचं औषध तिने सकाळीच काढून ठेवलं होतं. आणि तसलेच लाखो जंतू चपलांच्या मातीत घेऊन ते घरोघर गेले.

दीर तेवढा मागे राहिला. “वहिनी, हात बघू.”

“हात लावू नका. रोग होईल.”

दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. कोंब तोवर कुंडीत वीतभर झाला होता. ती आपल्या खुर्चीवर बसली, ब्लेड उचललं. दोन बोटं मिटेनात. पान सरकलं, काप चेंगरला.

“चालेल हो,” मॅडम म्हणाल्या. “जमेल हळूहळू.”

“नाही चालणार. चेंगरलेलं कुजतं.”

तिने ब्लेड ज्योतीवरून फिरवलं, निवू दिलं, आणि मूठ मॅडमकडे करून टेबलावर ठेवलं.