काळे तळवे

"मेलंय ते, ताई." बियाणे बँकेच्या प्रमुखांनी काचेची बशी दिव्याखाली धरली. ओल्या टिपकागदावर मोहरीएवढं बी जसंच्या तसं पडलं होतं. "पुढच्या सोमवारी शीतकपाट रिकामं करायचंय. हे टाकून द्या."

"झोपलंय," बाई म्हणाल्या.

"तुमच्या मते सगळंच झोपलेलं असतं."

"आणि बहुतेक उठतं, साहेब."

ते हसले. इथलं काम ते बाईंच्याच हाताखाली शिकले होते. "बरं, सोमवारपर्यंत. पुढे माझा नाइलाज आहे."

एका पिवळ्या रानफुलाचं हे बी बाईंनी लहानपणी दादाबरोबर घरामागच्या उतारावर वेचलं होतं. त्या उताराची आता दगडखाण झाली होती आणि दादाही राहिला नव्हता. त्या पिवळ्या फुलाचं जगात उरलं होतं ते एवढंच पाकीट.

उपाय करायचं त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं. बियात अ‍ॅबसिसिक आम्ल पहाऱ्याला बसलेलं असतं. वेळ येत नाही तोवर ते कोंबाला दार उघडू देत नाही. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक आलं की पहारा ढिला पडतो आणि साठवलेलं अन्न विरघळू लागतं. बाईंनी बी थंडीत ठेवलं, नियमाप्रमाणे स्वच्छ धुतलं, जिबरेलिनच्या पाण्यात भिजवलं. बी ढिम्म.

संध्याकाळी घरी आल्या तर नवरा गॅलरीत करपलेलं पातेलं घासत बसलेला. फरशीवर काजळीची पावलं उमटली होती.

"पाय बघा तुमचे! कुठल्या राखेत नाचून आलात?" बाई करवादल्या आणि तिथेच थांबल्या. हे तर आईचं वाक्य. फुलं वेचून आल्यावर ती दोघा भावंडांना दारातच अडवायची. फुलं यायची ती फक्त वणवा लागून गेलेल्या काळ्या पट्ट्यात.

"धूर," त्या म्हणाल्या. "त्याला धूर हवाय. आणि मी धुऊन धुऊन लख्ख करतेय."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पत्र्याच्या डब्यात वाळकं गवत धुमसत होतं. नवरा सायकलच्या पंपाने हवा मारत होता. नळीतून धूर बाटलीतल्या पाण्यात बुडबुडत होता.

"धूर सोसत नाही म्हणून माझी सिगारेट सोडवलीस," तो खोकत म्हणाला. "आणि आता हे."

"पंप मारा."

पाणी चहाच्या रंगाचं झालं. जळक्या गवतातलं जे काही त्यात उतरलं होतं, त्यात बाईंनी बी भिजत घातलं. निम्मंच. निम्मं पाकिटात राखलं. सगळं एका डावावर लावायची त्यांची रीत नव्हती.

सोमवारी प्रमुख कपाटाच्या किल्ल्या घेऊन आले. बाईंनी बशी पुढे सरकवली. जवळजवळ प्रत्येक बियाचं टरफल फाटलं होतं आणि पांढरी मुळं टिपकागदात घुसली होती.

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी हरलो, ताई. कुंड्या मी आणतो."

"मोठ्या आणा."

बाईंनी घरी फोन लावला.

"उठलं?" नवऱ्याने विचारलं.

"उठलं."

"मग माझी सिगारेट?"

"ती मेलेली. तिला पाणी घालून उपयोग नाही."

फोन ठेवून त्यांनी टेबलाखाली चपला काढल्या. टाचांच्या भेगांत गच्चीवरची काजळी अजून होती. दारात अडवणारं आता कुणी नव्हतं. त्यांनी पाय तसेच चपलेत सरकवले आणि माती आणायला निघाल्या.