उसना गडी

आमची टीम हरली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी म्हणाल म्हाताऱ्यानं फसवलं. पण कशी हरली ते ऐकलंत, तर जिंकणाऱ्यांची कीव कराल.

बेकरीवाला आमचा कप्तान, आणि गोलकीपरही तोच. माणूस इतका रुंद की गोलात उभा राहिला की मागची जाळी दिसायची नाही. तरी गोल व्हायचे, ती गोष्ट वेगळी. रविवारच्या लीगमध्ये आम्ही इतकी वर्षं खेळत होतो की मैदानातलं गवत आम्हाला पावलांच्या आवाजावरून ओळखायचं आणि आम्ही आलो की आपणहून आडवं व्हायचं. पण कप म्हणाल तर आम्हाला कुणी चहाचासुद्धा दिला नव्हता.

त्या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, आम्ही हरायचंच विसरलो. शेवटचा सामना फायर ब्रिगेडशी, आणि आम्हाला नुसती बरोबरी पुरणार होती. वहिनींनी, म्हणजे बेकरीवाल्याच्या बायकोनं, शोकेसमधला टी-सेट उचलून माळ्यावर ठेवला आणि कपासाठी जागा केली. शनिवारी बेकरीवाला त्या रिकाम्या जागेकडे टक लावून जेवला. दोनदा घास नाकाला लागला.

वहिनी म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत."

"तू हातात येणार हे ठरलेलं होतं," बेकरीवाला म्हणाला. "ह्याचा काही भरवसा नाही."

वहिनींचा धाकटा भाऊ शिंपी. टीमच्या जर्सी तोच शिवायचा आणि बक्षीस म्हणून बाकावर बसायचा. त्याला सगळे स्टेपनी म्हणत. कोणी पंक्चर झालं तर लावायला ठेवलेली. पण आमचे गडी हट्टी, लंगडतील, रांगतील, पण बाहेर येणार नाहीत. त्यामुळे स्टेपनीचे बूट अजून दुकानातल्यासारखे चकचकीत होते.

रविवार उजाडला तो वारा घेऊनच. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम माझं. एक रेघ मारून वळतो तर ती उडून शेजारच्या मैदानात जाऊन पडलेली, आणि तिथले लोक तिला सीमारेषा समजून खेळतायत. तुमचा विश्वास बसणार नाही. बसला पाहिजे असंही नाही.

वेळेवर फायर ब्रिगेडचे गडी आले, पण टेम्पोतून उतरले सहाच. त्यांचा कप्तान म्हणजे शिडीवर चढणारा एक मिशाळ माणूस. त्यानं टोपी काढून सांगितलं, "लाकडाच्या वखारीला आग लागलीय. बाकीचे बंब घेऊन तिकडे गेलेत. कधी सुटतील सांगता येत नाही."

रेफरी म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी घड्याळ बघितलं. "सातांच्या खाली टीम असेल तर सामना होत नाही. थोडा वेळ थांबतो. नाही आलं कोणी, तर कप बेकरीवाल्यांचा."

आमचा फॉरवर्ड पोस्टमन टाळी वाजवूनच उठला. "झालं की काम! कप्तान, चल, घामही आला नाही."

घरांच्या वरून दूर काळा धूर चढत होता, बेकरीवाला तिकडे बघत राहिला.

"अरे, मागे माझी भट्टी भडकली तेव्हा हेच आले होते ना?"

"मग त्याचा इथे काय संबंध?"

"तुझं टपाल नाही हे, की पत्ता बघून टाकलं आणि सुटलो. ते तिकडे आग विझवतायत आणि मी इथे त्यांचा कप उचलू? दुकानात उभा राहून कुठल्या तोंडानं सांगू, कसा मिळाला ते?"

"मग काय करतोस?"

"एक गडी देतो त्यांना. उसना."

हे ऐकून वाऱ्यालाही जरा थांबावंसं वाटलं. पोस्टमनच पहिला सावरला. "मग स्टेपनी दे. दान करायचंच तर मोडकी छत्री करावी."

सगळे हसले. स्टेपनीही हसला, ती त्याची सवयच होती. पण कान लाल झाले होते त्याचे.

मास्तरांना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, "दोन्ही कप्तान राजी असतील तर माझं काय जातं? मी शिट्टीचा धनी."

स्टेपनी बेकरीवाल्याजवळ आला. "भाऊजी, मी तुमच्याविरुद्ध खेळू? ताई घरात घेईल का?"

कुंपणापासून वहिनी ओरडल्या, "ताईचं नाव पुढे करू नकोस! ताई दोघांनाही ओळखून आहे!"

बेकरीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं. "हे बघ, शिळा पाव वाटून कोणी दानशूर होत नाही. दिला तो गडी कामाचा असला पाहिजे. जीव तोडून खेळ. माझी दया आली तुला, तर उद्यापासून जेवायला येऊ नकोस."

"रोज जेवायला येतो म्हणून टोमणा मारताय, की खेळाचं सांगताय?"

"दोन्ही."

बंबाच्या ड्रायव्हरची जर्सी त्याला दिली. ती गुडघ्यापर्यंत आली. आत आणखी एक शिंपी मावला असता.

अकरा विरुद्ध सात. आम्हाला वाटलं, गोलांची रास घालू. पण कप आणणारा गोल प्रत्येकालाच मारायचा होता. आमचेच गडी आमच्याच पायात यायला लागले, अति झालं आणि हसू आलं. पोस्टमननं एक चेंडू असा हाणला की तो वर गेला तो गेलाच. मास्तरांनी दुसरा मागवला. पहिला बऱ्याच वेळानं खाली आला, तेव्हा त्याच्यावर दव होतं. त्यांचा गोलकीपर पाण्याच्या टाकीसारखा जागचा हलत नव्हता, आणि चेंडू नेमका टाकीवरच आदळत होता. आणि स्टेपनी? इतकी वर्षं बाकावर साठवलेलं पेट्रोल त्यानं एकदम पेटवलं. जिथे बघावं तिथे ती लांब जर्सी.

शेवटची मिनिटं. गोल कुणाचाच नाही, म्हणजे कप आमचाच. आणि तरी आमचे दहाच्या दहा त्यांच्या गोलापाशी घुसलेले. टाकीवरून चेंडू उडाला, वाऱ्यानं उचलला आणि थेट स्टेपनीच्या पायाशी आणून ठेवला. त्याच्या पुढे मोकळं मैदान, आणि टोकाला एकटे भाऊजी.

तो धावला. जवळ आला आणि अडखळला. लांबून पोस्टमन बोंबलला, "अरे आपला आहेस तू, आपला!" वहिनींनी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली होती. एक बावळट फटका आणि सगळं निभावलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं.

बेकरीवाला पुढे आला आणि गरजला, "बघतोस काय? मार!"

आता गंमत ऐका. भट्टीचं दार उघडलं की झळ येते, म्हणून बेकरीवाला मान उजवीकडे वळवून डोळे मिटतो. ही जन्माची सवय. चेंडू अंगावर आला तरी तेच. मैदानातल्या आम्हा कुणाला हे ठाऊक नव्हतं, आमची पाठ असायची ना त्याच्याकडे!

स्टेपनीनं चेंडू डावीकडे मारला. बेकरीवाल्यानं डोळे उघडले तेव्हा जाळी हलत होती. मास्तरांनी शिट्टी फुंकली, आणि लगेच दुसरी, सामना संपल्याची.

स्टेपनी जागीच उभा. भलत्याच कापडावर कात्री चालवल्यासारखा चेहरा. बेकरीवाला त्याच्याकडे निघाला तेव्हा पोस्टमननं मला हळूच विचारलं, "मारणार का?"

त्यानं मेहुण्याला कमरेला धरून उचललं, पिठाचं पोतं उचलावं तसं. "माझी ही खोड तू बघितलीस कधी रे?"

"दर रविवारी," स्टेपनी म्हणाला. "मला दुसरं काम काय होतं?"

तेवढ्यात बंब आला. काजळीनं माखलेले गडी उतरले. वखार गेली होती, पण माणसं सगळी वाचली होती. ड्रायव्हरनं आपली जर्सी ओळखली. "गोल कुणी मारला?"

"तुमच्या जर्सीनं."

"आयुष्यात पहिल्यांदाच मारला हो तिनं!"

मिशाळ कप्तान कप घेऊन आमच्याकडे आला. "हा तुम्हीच ठेवा. आम्हाला लाज वाटते."

"गप घरी न्या," बेकरीवाला म्हणाला. "माझा गडी होता तो. त्यानं मारलेला गोल फुकटचा म्हणता?" एकदा मात्र त्यानं कपावरून हात फिरवला, ताज्या पावावरून फिरवावा तसा. घरी जाताना वहिनी त्याचा हात धरून चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत शिरलो तर आवाज रस्त्यापर्यंत. "कालचा गोल ऐकलात का? आमच्या मेहुण्याचा! कुणाला मारला? अहो, मला!" तेव्हा तो गोल पंधरा पावलांवरून मारलेला होता. आठवड्याभरात मैदानाच्या मध्यावर गेला. हल्ली वखारीपासून मारलेला असतो. मी मध्ये बोलत नाही. मोठा माणूस, त्याच्या दुकानात त्याचं चालतं.

बाकावर आता पोस्टमन बसतो.

टी-सेट अजून माळ्यावरच आहे. पाहुणे आले की शोकेसमधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून विचारतात, इथे काय होतं?

"कप," वहिनी म्हणतात. "उसना दिलाय."