कण बसू दे

माझ्या अंगात भिंगरी आहे, असं आई म्हणते. खुर्चीत बसले की पाय हलतो, उभी राहिले की हातातलं पेन टकटकतं, आणि कॉफी जरा निवेल एवढाही दम मला धरवत नाही, रोज जीभ भाजते. असल्या बाईने वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत बसून सोन्याच्या कणांचे फोटो काढावेत! फिनलंडमधल्या युवास्कुलाच्या अख्ख्या प्रयोगशाळेने यावर हसून घेतलंय.

कण म्हणजे शे-दीडशे अणूंचा पुंज. वरून गंधकाच्या रेणूंचा कोट, नाहीतर कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. एवढ्याशा सोन्याला पिवळेपणासुद्धा नसतो, बाटलीत नुसतं तपकिरी पाणी दिसतं. आत अणू कसे रचलेत, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. माझं उत्तर होतं, दहा बाजूंचा आकार. तिसरं प्रकरण, फोटोंसकट, छापून तयार.

आमचा प्राध्यापक वेइयो कुइत्तिनेन. त्याचा एकच मंत्र: "कण बसू दे, मग फोटो काढ." नमुना सूक्ष्मदर्शक यंत्रात घातला की सुरुवातीला सरकतो, चित्र फिसकटतं. म्हणून कणावर इलेक्ट्रॉनांचा झोत धरून ठेवायचा, फोकस नीट लावायचा, वाट बघायची, आणि आधीचे धूसर फोटो फेकून द्यायचे. दातओठ खात शिकले मी ते. मला वाट बघायला शिकवलं म्हणून वेइयो पाहुण्यांसमोर कॉलर ताठ करायचा.

शेजारच्या खोलीत ओक्को ह्युत्तिनेन गणितं मांडतो. त्याचा कॉम्प्युटर म्हणायचा, वीस बाजू.

"तुझा आकार सोन्याला परवडत नाही गं पिल्वी," तो सारखं ऐकवायचा.

"तुझ्या कॉम्प्युटरने कधी डोळ्यांनी सोनं बघितलंय का रे?"

"तू तरी कुठे डोळ्यांनी बघितलंयस?"

"नीघ इथून! आणि माझी बिस्किटं ठेव तिथेच."

शुक्रवारी माझ्या प्रबंधाची जाहीर परीक्षा होती. बुधवारी दुपारी वाटलं, भाषणासाठी एक ताजा, झकास फोटो काढावा. यंत्र मिळालं ते दोन नंबरांच्या मधल्या फटीत. पुढचा माणूस दारात उभा राहून घड्याळाकडे बघतोय, माझं डोकं फिरलेलं. मी एका कणावर फोकस लावला, तशीच बाजूच्या कणावर सरकले आणि दाबलं बटण. मंत्र गेला खड्ड्यात.

फोटो धूसर आला. पण त्यात दहा बाजू नव्हत्या.

त्याच्या शेजारचा घेतला. त्यातही नव्हत्या. तिसऱ्यात तर ओक्कोचा वीस बाजूंचा आकार सरळ माझ्याकडे बघत होता. मग मी त्याच कणावर नियमाप्रमाणे झोत धरून ठेवला. आधी त्याचा कोट विरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, अणूंच्या रांगा घसरल्या, झोपेत माणूस कूस बदलतं तसा तो कण अख्खा वळला, आणि माझ्या डोळ्यांदेखत दहा बाजूंचा झाला. मग अगदी शहाण्यासारखा स्थिर.

"बसला मेला!" मी ओरडले. दारातला माणूस घाबरून आत आला.

म्हणजे आम्ही तो बसायची वाट बघत होतो, आणि त्या वाट बघण्यातच त्याला शिजवत होतो. माझ्या पुस्तकात छापलेलं सगळं सोनं शिजलेलं होतं. खरं सोनं त्या धूसर फोटोंमध्ये होतं, जे मी स्वतःच्या हाताने पुसले.

धावत वेइयोकडे गेले. त्याने फोटो पाहिले, चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"तू चुकली नाहीस पिल्वी. आम्ही सगळेच असं करतो."

"म्हणून काय बरोबर होतं?"

"पुस्तक छापलंय. तुझी परीक्षक बोदिल डेन्मार्कहून निघालीय. परवा हे बोललीस तर पदवी लटकेल, नवी नोकरी हातची जाईल. आधी पदवी घे. मग आपण दोघं सावकाश नवा लेख लिहू. तेवढा धीर धर."

तो वाईट माणूस नाही, हो. माझ्या काळजीनेच बोलत होता. आईने वीतासारी गावाहून टोपल्या भरून राय धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या कारेलियन पुऱ्या आणायचं ठरवलं होतं, प्रतिवादीच्या, म्हणजे परीक्षकाच्या, मानाचं रात्रीचं जेवण सांगून झालं होतं. मी "बरं" म्हटलं. दोन रात्री पलंगावर माझा पाय हलत राहिला.

शुक्रवारी सभागृह भरलं. मी काळ्या कपड्यांत, मधे अध्यक्ष म्हणून फ्रॉककोटात वेइयो, समोर प्रतिवादी बोदिल थ्राने. एरवी आम्ही एकमेकांना तू म्हणतो, पण त्या दिवशी सगळे माननीय. तिने भरपूर सोलून काढलं मला. मग तिसरं प्रकरण उघडलं.

"फोटो फारच स्वच्छ आहेत, माननीय उमेदवार. काढण्याआधी किती वेळ थांबलात?"

"कण बसेपर्यंत, माननीय प्रतिवादी."

तिने समाधानाने मान हलवली. मला वाटलं होतं, ती पकडेल. पकड ना बाई! पण तिच्याही प्रयोगशाळेत असंच करतात. तिने पुस्तक मिटलं, उभी राहिली, प्रबंध स्वीकारावा अशी शिफारस केली. आई डोळे पुसत होती. ओक्को, ज्याचा आकार बरोबर होता, तो गधडा सगळ्यांत मोठ्याने हसत होता माझ्यासाठी. मला रडू फुटायचं बाकी होतं.

शेवटचं एक वाक्य उमेदवारानेच म्हणायचं असतं. प्रत्येक जण म्हणतो, कुणी ऐकत नाही, लोक कोट शोधायला लागलेले असतात. मी श्रोत्यांकडे वळले.

"माननीय उपस्थितांपैकी ज्यांना माझ्या प्रबंधावर आक्षेप घ्यायचा असेल, त्यांनी अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागावी."

कुणी हललं नाही. वेइयो सभा संपवायला उठला.

"माननीय अध्यक्ष," मी म्हणाले, "मला परवानगी हवी आहे."

कोट शोधणारे हात थांबले. वेइयोने माझ्याकडे पाहिलं. नजरेत आधी राग, मग विनवणी होती. मी मान खाली घातली नाही. त्याने एक मोठा श्वास सोडला.

"बोला," तो म्हणाला, आणि खाली बसला.

"तिसऱ्या प्रकरणात जो आकार छापलाय," मी म्हणाले, "तो सोन्याचा नाही. तो आम्ही केलाय."