तापलेला काठ

चिंधी करपली होती, पण गाठ सुटलेली नव्हती. खालच्या साच्याच्या तापलेल्या काठाला कुणीतरी ती वेढे देऊन घट्ट बांधली होती, जुन्या लुगड्याची, कधीकाळी आमसुली असावी अशा रंगाची; आणि देवीदास मेश्रामच्या मनात पहिल्यांदा आले ते हे, की आपण हा काठ आरशासारखा घासून घेतला होता आणि ह्या बायकांनी त्याला फडके गुंडाळले. शेजारच्या यंत्रावरही चिंधी. त्याच्या पलीकडच्यावरही. पाचही यंत्रांवर, आणि – हे त्याने पाहिले, पण रागाच्या भरात त्याचा अर्थ लावला नाही – सगळ्या एकाच जागी, काठाच्या डाव्या अंगाला.

हिंदी मुलखातल्या पाटणच्या ह्या महिला केंद्रात त्याची पहिली पाच यंत्रे बसवली होती. पळसाची टाचलेली पाने तापल्या साच्यावर ठेवायची, दांडा ओढायचा, पत्रावळ तयार. लहान मूलही चालवील, असे तो सांगत आला होता. आणि इथे हातांनी होई त्याच्याहूनही कमी काम होत होते.

“ये क्या है, दीदी?”

केंद्र सांभाळणारी सत्यवती पदराला हात पुसत आली. “चिंदी है, भैया. हाथ जलता है तो बाँध ली.”

तिने मनगट पुढे केले. उजव्या मनगटावर आतल्या बाजूला डाग होता, करंगळीएवढा, गुलाबी. मागे उभ्या असलेल्या दोघींनीही न सांगता मनगटे पुढे केली… आणि त्याला कणव येण्याऐवजी चीडच आली. लक्ष नसते यांचे, गप्पा मारत बसतात, मग भाजणार नाही तर काय. वर्षभर मी हे यंत्र घडवले ते यांनी चिंध्या बांधाव्यात म्हणून?

“हटिए,” तो म्हणाला. “एक बार ठीक से देखिए.”

तो बसला. पान ठेवले, दांडा ओढला, पत्रावळ बाहेर. पुन्हा पान, पुन्हा दांडा… हात आपोआप चालले, लय सापडली, आणि त्या लयीत राग थोडा निवलाही – बघा म्हणावे, कुठे भाजते? मागे कुणीतरी फिसकन हसले.

“भैया,” सत्यवती म्हणाली, “आप तो उल्टे हाथ से पत्ता रख रहे हो. हम लोग उल्टे हाथ से खाने की पत्तल छुएँ तो सास घर से निकाल दे.”

बायका मोकळेपणी हसल्या. देवीदासने खाली पाहिले. पान त्याच्या डाव्या हातात होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून तो आपला डावा हात मांडीवर ठेवून पाहत राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ज्या हाताने लिहिले, अभियांत्रिकीची सगळी रेखाटने काढली, ज्या हाताने तो जेवतो तो उजवा. मग हा कुठून आला, आणि कुणाला विचारून? पानांचा ट्रे डावीकडे, दांडा उजवीकडे. उजव्या हाताने पान ठेवायचे तर मनगट साच्यावरून न्यायचे, दर पानाला, आणि दर वेळी ते डाव्या काठाला टेकायचे… दांडा उजवीकडे होता म्हणूनच कुणाला शंका आली नाही. जोर उजव्या हातात असतो, सगळे म्हणाले, बरोबर आहे. पण जोराचे काम दांड्याचे होते. नाजूक काम पानाचे. आणि ट्रे डावीकडे घ्यायला त्याला कुणी सांगितले होते?

आईने. घराच्या मागच्या पडवीत ती स्टुलावर बसायची – कलावती मेश्राम, जिने ऐन उमेदीत पत्रावळी टाचून घराला हातभार लावला – आणि म्हणायची, थोडं इकडे घे, हात अडतो. तो घ्यायचा. एकेक संध्याकाळ, एकेक बोट इकडे, अर्धे बोट तिकडे, आणि शेवटी एके दिवशी ती काही बोललीच नाही, नुसती पाने ठेवत राहिली, आणि त्याला वाटले, झाले, यंत्र झाले. कॉलेजात शिकलेले सगळे त्याने मग पाळले: कानशीने घासून जमवावा लागेल असा एकही भाग नको, कुठल्याही फिटरने जोडावे, कुणीही चालवावे. कुणीही! ह्या शब्दाचा त्याला किती गर्व होता… आणि ते यंत्र एकाच बाईच्या अंगाचे होते. ती डावरी होती. रोज घरात पाहत होतो मी ते. पाहत होतो?

अधारतालच्या शेडमध्ये विष्णुपंतांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. कारखाना त्यांचा, यंत्रावर पैसा त्यांचा. माणूस वाईट नव्हता, देवीदासला पहिली संधी त्यांनीच दिली होती, आणि म्हणूनच त्यांच्यावर चिडणे अवघड जाई.

“उद्या सकाळी ओतकाम आहे, मेश्राम,” ते म्हणाले. “चाळीस सांगाडे. सांगाड्याचा लाकडी पॅटर्न फाउंड्रीत जाऊन पडलाय. आणि तुम्ही म्हणता, तो उलटा करा.”

“हात भाजतात त्यांचे, साहेब.”

“नवीन यंत्रावर भाजतातच. आमच्या मातोश्री स्टोव्ह आला तेव्हा महिनाभर हात भाजून घेत होत्या, म्हणून काही स्टोव्ह परत नाही केला आम्ही.” ते हसले. “चलो, बाजारात आधी उतरू द्या, सुधारणा मागाहून. हाताला काय, सवय लावली की लागते.”

“नाही लागत.”

“लागते हो. आणि नाही लागली तर बाया बदलता येतात. पॅटर्न बदलायला दीड महिना जाईल, तोवर नागपूरवाले आपलं पाहून त्यांचं यंत्र काढतील. विचार करा. फाउंड्रीला निरोप द्यायचा तर आज रात्रीपर्यंत सांगा. पण मग पाटणला जी पाच गेली ती चुकलेली होती, हेही तुम्हीच लिहून द्यायचं. मी नाही.”

सवय लावली की लागते… घराकडे, खमरियाला जाणाऱ्या बसमध्ये तिथल्या सरकारी कारखान्याची पाळी सुटलेली गर्दी अंगावर रेलत होती आणि तेच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होते, आणि त्याच्यामागे आणखी काहीतरी, एक चिंधी, पाटणची नव्हे. पांढरी. त्याच्या स्वतःच्या डाव्या मनगटावर, बालवर्गात, चड्डीच्या नाडीला बांधलेली. हात मोडला असेल तेव्हा, असेच त्याने आजवर धरले होते. हात कधी मोडला होता? गुरुजींनी बांधली असेल. किंवा बाबांनी – डोमाजींची शिस्त अख्ख्या वस्तीला ठाऊक होती. साहेबांसमोर मान वर न करणारा माणूस घरात मात्र… बाबाच. बाबा जाऊन सहा वर्षे झाली होती, त्यांच्यावर आता चिडायचे कसे, पण तो चिडला, मनापासून, आणि उतरायच्या थांब्यापर्यंत ती चीड त्याला जवळजवळ आधारासारखी वाटू लागली.

आई पडवीत जुन्या यंत्रापाशीच बसली होती, पानांवर पाणी शिंपडत.

“आई, तू डावरी आहेस.”

“मग? आज कळलं का तुला?” ती हसली. “तू बी तसाच होता.”

“बाबांनी बांधला होता ना माझा हात? चिंधीनं?”

“त्यायले तर पत्ताच नव्हता. मीच बांधला.” तिने एक पान उलटेपालटे करून पाहिले. “सासरी मले काय काय ऐकाव लागलं, तुले काय सांगू. खरकट्या हाताची म्हनत. लेकराले कशाले तो भोग? पंधरा दिवस रडला तू. मंग लागली सवय.”

दिवसभर उभारलेला राग सावकाश सरकून तिच्यापर्यंत आला, आणि तिथे त्याला उभे राहायला जागा मिळेना.

“काहून विचारून राहिला?”

त्याने सांगितले. पाटणचे, मनगटांचे, उद्याच्या ओतकामाचे. तिने हातातले पान खाली ठेवले.

“अशी भाजते का त्यायले… मंग बदलून टाक.” साच्याचा काठ बोटाने चाचपत ती म्हणाली, “ही एक ठेवजो पन. जन्मात पयल्यांदा एक वस्तू माह्या हातानं चालली, देवा. बाकी साऱ्या उलट्याच लागल्या मले.”

ती उठून आत गेली. फाउंड्रीला निरोप द्यायचा तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोन होता. दवाखाना अजून उघडा असणार. त्याने चप्पल काढलीच नव्हती.

“आधी जेवून घे,” आई आतून म्हणाली, आणि तो तसाच आत आल्यावर तिने ताटावर वरणाचा डाव धरला, उजव्या हाताने, जरा अवघडून. आणि नेहमीसारखे चार थेंब ताटाबाहेर सांडले. ह्या थेंबांवर तो आयुष्यभर वैतागत आला होता.

“डाव्या हातानं वाढ,” तो म्हणाला. आवाज हवा होता त्याहून कठोर निघाला.

तिने आधी दाराकडे पाहिले. दारात कुणी नव्हते. मग त्याच्याकडे पाहिले, आणि डाव तसाच हवेत धरून ती थांबली, आणि तोही थांबला, चप्पल पायात घालून, दाराच्या आणि ताटाच्या मध्ये. राग होताच, निवला नव्हता. फक्त आता तो कुणाकडे बोट दाखवत नव्हता, त्यालाच पुढे, दवाखान्यातल्या फोनकडे, ढकलत होता.