दोर ओढणारे हात

गोमाजीनं पालथ्या होडीची एक फळी पहारीनं उचकटली आणि ओढत आणून थोरल्या पोराच्या पायाशी टाकली.

"ही घे. साग हाय. कितीबी आपट, फुटायची नाय."

परशुराम फळीकडे बघतच राहिला. होडी दोन पावसाळे खाडीच्या चिखलात पडून होती. खाडीला मासळीच्या जागी फेस यायला लागला, तसे कोळीवाड्यातले निम्मे लोक वॉचमनच्या नोकऱ्यांना लागले होते. गोमाजी मात्र दर नारळी पुनवेला त्या पालथ्या होडीपुढे नारळ वाढवायचा. लोक हसायचे, त्याला फरक पडायचा नाही. आज त्याच होडीवर त्यानं आपल्या हातानं पहार चालवली होती, कारण पोराला ठोशांच्या सरावाची बॅग टांगायला डोक्यावर फळा हवा होता.

वर्तकनगरच्या व्यायामशाळेत परशुराम बॉक्सिंगला जायचा. तिथले मास्तर बदली होऊन गेले आणि बॉक्सिंग बंद पडलं. सत्त्याऐंशी साल होतं. रेल्वेच्या संघाची निवड कल्याणला व्हायची होती आणि निवड झाली की नोकरी पक्की. वयाच्या अटीत परशुराम यंदाच काय तो बसत होता. हे वर्ष हुकलं की सगळंच हुकलं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

फळी गोल कापून पडवीच्या वाशांना ठोकली. पहिल्याच दिवशी परशुरामनं खालून ठोसा मारून बघितला, तर ती अशी हलली की दोन कौलं खाली आली. मग गोमाजीनं होडीची आणखी लाकडं काढून फळ्याच्या पाठीवर आडवी जोडली आणि जाळ्याची शिशाची वजनं वर बांधून तो जड केला. चपला शिवणाऱ्या धाकूनं पपईएवढी चामड्याची पिशवी शिवून दिली, आत फुटबॉलचा ब्लॅडर. तीच बॅग म्हणून फळ्याखाली टांगली. ठोसा बसला की पिशवी फळ्यावर आपटून परत यायची, आणि ती येईपर्यंत दुसरा हात तयार लागायचा. परशुरामची नुसती फजिती होत होती. पिशवी उजवीकडे, तर हात डावीकडे. धाकटा नाथा पोट धरून हसायचा.

गोमाजी हसला नाही. तो पिशवीचं येणंजाणं न्याहाळत होता.

"अरे, हा तर दोर ओढायचा हात," तो म्हणाला. "एक छातीशी आला की दुसरा पुढं. हात मागं आणल्याबिगर दोर येतो का? आण मागं. अजून. छातीशी."

त्यानं मागून पोराची मनगटं धरली आणि जाळं ओढायची लय त्या हातांत घातली. आणि काय सांगावं, चार दिवसांत पिशवी बोलायला लागली. लग्नातल्या ताशासारखी तडतडायची. शेजारीपाजारी बघायला यायचे. होडी पालथी पडल्यापासून घरात नुसता बसून असलेला माणूस पहाटेच पोराला उठवायला लागला.

"लेकापेक्षा बापालाच घाम येतोय," चुलीपुढून परशुरामची आई सगुणा म्हणायची, पण मनातून तिला बरं वाटत होतं. परशुरामलाही वाटायला लागलं की आपलं काहीतरी होणार. त्याला ते फार वाटायला लागलं, हेच वाईट झालं.

कल्याणला पहिल्याच लढतीत त्याचं नाक फुटलं. समोरचा काही मोठा लागून गेला नव्हता. त्याचे ठोसे मात्र येत राहिले, आणि परशुरामचे पोचत नव्हते. लढत संपल्यावर निवड करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं. माणूस चांगला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कुणाकडे शिकलास?"

"घरीच, सर. बॅगवर."

"हात चपळ आहेत तुझे. पण तू मारत नाहीस, ओढतोस. ठोसा पोचायच्या आत हात माघारी निघतो, तोही खाली, छातीशी. तोंड सगळं उघडं पडतं. आता ही सवय मोडायची म्हणजे..." त्यांनी कागदावरचं त्याचं वय बघितलं आणि पुढचं बोलायचं टाळलं.

घरी सगळे वाट बघत होते.

"डॉक्टरनं बाद केलं," परशुराम म्हणाला. "लांबचं कमी दिसतं म्हणे मला."

"आणि नाक?"

"ते चालायचंच खेळात."

सगुणानं पदर डोळ्यांना लावला. गोमाजीनं चाचरत विचारलं, "म्हणजे हाताला नाव नाय ठेवलं कुणी?"

"नाय, बा. हात चपळ हायत म्हणाले."

गोमाजीचा चेहरा इतका उजळला, की परशुरामला तिकडे बघवेना.

सकाळी त्याला पिशवीच्याच आवाजानं जाग आली. पडवीत नाथा उभा होता आणि मागून गोमाजीनं त्याची मनगटं धरली होती.

"याची नजर घारीची हाय," गोमाजी उत्साहानं म्हणाला. "अठराचाच हाय, हाताशी वर्षं हायत. छातीशी आण रे नाथा, छातीशी."

परशुराम दारातच थबकला. गप्प राहणं सोपं होतं. बाप आणखी काही वर्षं पहाटे उठला असता, आणि मग एक दिवस नाथाही असाच नाक फोडून घरी आला असता.

"बा, त्याला तसं नको शिकवू."

"मग कसं?"

परशुरामनं नाथाला बाजूला केलं आणि ठोसा मारला. मूठ पुढेच ठेवायची, असं त्यानं ठरवलं होतं. ती आपसूक छातीशी आली. त्यानं पुन्हा मारून बघितलं, मग डाव्यानं बघितलं. पिशवी सुरेख तडतडत होती. शेवटी त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरून थांबवली. त्याला रडू येत होतं.

गोमाजीनं आपले घट्टे पडलेले तळवे उलटेपालटे करून बघितले.

"म्हणजे डोळ्यांचं काही नव्हतं," तो म्हणाला.



नाथा एकदा बापाकडे, एकदा भावाकडे बघत होता.

"पण मग मी मारू कसं?" त्यानं विचारलं.

ते दोघांनाही येत नव्हतं.