माशांचा जप

त्या रविवारी डोंबिवलीत आमच्या शेजारच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत गेला होता. आत हौसाबाईंच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि सगळ्यांच्या नजरा काचेच्या टाकीवर. टाकीतले गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थरात गोळा होऊन एकसारखी तोंडं उघडमीट करत होते.

"जप चाललाय," आनंदबुवा डोळे मिटून म्हणाले. "मुके जीव नाम घेतात, आणि माणसाला वेळ नाही."

बायकांनी हात जोडले. कुणीतरी टाकीत बुंदीचा प्रसाद सोडला.

हे बुवा जवळच्या दिवा गावाहून यायचे. यंत्राच्या घरघरीने नामात विघ्न येतं, असं सांगून पहिल्याच भेटीत त्यांनी टाकीचा पंप बंद करवला. वर लाल कापड घातलं. मग मासे जपाला लागले. काही मेलेही. त्या मेलेल्या माशांनी हौसाबाईंचा मधुमेह स्वतःच्या अंगावर घेतला, असं बुवांनी जाहीर केलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून हौसाबाईंनी गोळ्या सोडल्या. पुढे मी त्यांना भिंत धरून चालताना पाहिलं. मुलगा विनीत सगळं बघत होता, पण आईचं मन मोडायचं धाडस त्याला होत नव्हतं.

सून संचिता कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने घरात पुष्कळ समजावलं होतं. तिलाच नास्तिक ठरवून गप्प बसवलं गेलं. त्या दिवशी मात्र ती भर गर्दीत उठली. लाल कापड ओढून काढलं, जाळीने बुंदी उपसली आणि पंप चालू केला. त्याचं तोंड वर वळवलं, तसं पाणी लहरायला लागलं. पाण्याची वाट अडवणारे शोभेचे दगडही तिने बाजूला केले.

विनीतने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"मी आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली. "थोड्या वेळात मासे खाली जातील. पंप चालू असताना बुवांनी त्यांना पुन्हा जप करायला लावावं."

तिला बाहेर काढा, असं दोघंतिघं म्हणाले. ती हलली नाही. बुवा हसले आणि त्यांनी भजन सुरू केलं. भजन संपेस्तोवर मासे खाली उतरून निवांत फिरायला लागले होते. बुवांनी मंत्र म्हटले, अंगारा फुंकला, शेवटी अश्रद्धेच्या सावलीला दोष दिला. मासे काही वर आले नाहीत.

संचिताने मग सगळ्यांना समजावलं. पाणी खालीवर फिरत राहिलं तरच हवेतला प्राणवायू त्यात नीट मिसळतो. इथे पंप बंद, वर कापड आणि आत सडणारा प्रसाद. उरलासुरला प्राणवायू वरच्या थरात, म्हणून मासे तिथे येऊन तडफडत होते.

"हा जप नाही," ती म्हणाली. "ही धाप आहे."

हौसाबाई भिंत धरून टाकीपाशी आल्या. मग त्यांनी बुवांना विचारलं, "म्हणजे मेलेल्या माशांनी माझा आजार नाही घेतला?"

"शंका आली की फळ जातं, माई."

"फळ कसलं? मला उभं राहिलं की चक्कर येते." त्या सुनेकडे वळल्या. "संचिता, मला डॉक्टरकडे ने. आणि महाराज, तुम्ही उठा आता."

बुवा उठले. डॉक्टरांनी साखर तपासली, ती भलतीच वाढली होती. हौसाबाईंच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या सावरल्या.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे कशामुळे होतंय? विचारल्याने देव रागावत नाही, रागावतो तो बुवा. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला सरळ दार दाखवा, मग त्याच्यामागे कितीही गर्दी असो.